रांग बघून घेतलेलं पेनांग

माणसाला धक्का बसायचाच असेल तर तो एका दमात बसावा, म्हणजे निदान पाणी-बिणी पिऊन उठता येतं. मला तो हप्त्याहप्त्याने बसला, आणि पहिल्या हप्त्याबरोबर चाकांची एक जांभळी बॅग फुकट मिळाली. ती बॅग अजून घरात आहे. तिचं एक चाक फिरत नाही, त्यामुळे ओढली की ती स्वतःभोवती गोल फिरते आणि ओढणाऱ्यालाही फिरवते. बायको म्हणते टाकून द्या. मी म्हणतो राहू दे. काही वस्तू माणसाने नजरेसमोर ठेवाव्यात.

मी क्वेक सेंग हुआट. सिंगापूरच्या तोआ पायो वस्तीतल्या सरकारी इमारतीत बाराव्या मजल्यावर राहतो, आणि शाळेतून भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. हा भूगोल लक्षात ठेवा, कारण पुढे जो उठतो तो मला त्यावरूनच टोमणा मारतो. आयुष्यभर मी पोरांना बेटं, सामुद्रधुन्या आणि बंदरं शिकवली. मलेशियातलं पेनांग बेट कुठे आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिथे उतरता येतं की नाही, हे विचारायचं मात्र मला जागेपणी सुचलं नाही.

पेनांगचं कारण माझी आई. तिचं माहेर तिथलं, तेही कसं, तर समुद्रात लाकडी खांब रोवून त्यांवर बांधलेल्या घरांच्या ओळीतलं. लग्न होऊन ती सिंगापूरला आली, तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मोठी मावशी, तिथेच राहिली. आता आईचे कान विमानात बसल्यावर असे दुखतात की डॉक्टरांनी विमानाचं नाव काढायचं नाही असं बजावलंय. बसने जायचं तर पाठ. मावशीचे तर गुडघेच गेले आहेत. राहिला फोन. पण दोघींनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला आख्खा मजला कॉरिडॉरमध्ये येतो.

"जेवलीस का?" आई ओरडते.

"जेवले! तू जेवलीस का?" पलीकडून मावशी ओरडते.

"जेवले!"

संपलं. आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की हेच विचारतो, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण या दोघींचं गेली कित्येक वर्षं याच्या पुढे काही गेलेलं नाही. फोन ठेवल्यावर आई जरा वेळ तो हातातच धरून बसते. एकदा अशीच बसली असताना ती म्हणाली, "सेंग, डोळे मिटायच्या आत एकदा तिच्या हातचा लाक्सा खायचाय रे. इथला म्हणजे नुसतं भांडी धुतलेलं पाणी." आंबट मासळीच्या रश्शातल्या शेवया म्हणजे काही जगावेगळी मागणी नव्हे. मी तिथल्या तिथे शब्द दिला. जहाजाने नेतो म्हणालो.

प्रवासाचं प्रदर्शन एका प्रचंड सभागृहात भरलं होतं. मी आणि लाय पेंग, म्हणजे माझी बायको, आत शिरलो तर डाव्या हाताला एक रांग दिसली. मी तुम्हाला काय सांगू! ती रांग खांबाला वळसा घालून, जपानच्या टेबलांसमोरून, थेट स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेली होती. मी ताबडतोब तिच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो.

इथे बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. सिंगापूरचा माणूस रांग बघून विचार करत नाही. विचार पुढच्याने केलेला असतो. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी चांगलं असणारच, आणि आपण उभे राहिलो नाही तर ते दुसऱ्याला मिळणार, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान आहे.

"काय मिळतंय हो?" मी पुढच्या गृहस्थांना विचारलं.

"कल्पना नाही," ते म्हणाले. "पण सकाळपासून आहे म्हणे."

"मग चांगलंच असणार."

"तर काय!"

उजव्या हाताला एक टेबल होतं. त्याच्यामागे एक मध्यमवयीन बाई एकट्याच बसल्या होत्या, आणि समोर साधी पाटी होती: 'पेनांग. सकाळी उतरा, रात्री चढा.' टेबलापुढे चिटपाखरू नव्हतं. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला त्यांची दया आली.

"अहो, तिथे विचारायचं का?" लाय पेंग म्हणाली.

"लाय पेंग, तिथे कुणीच का नाही याचा जरा विचार कर."

"कुणी नाही म्हणून तर लगेच होईल ना!"

बायकांना व्यवहार कळत नाही, असं मी मनात म्हणालो. ते मोठ्याने म्हटलं नाही, हा माझा त्या दिवसापुरता एकमेव शहाणपणा. लाय पेंगचे पाय दुखायला लागले तेव्हा तिने जमिनीवर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं आणि ती बसायला गेली. खाण्याच्या ठिकाणी टेबलावर ते पाकीट ठेवलं की जागा आपली होते, कुणी हात लावत नाही. रांगेतही लावला नाही. मागची माणसं त्या पाकिटाला मान देऊन त्याच्या मागून पुढे सरकत होती, आणि मी ते पायाने ढकलत होतो.

शेवटी आम्ही 'हसरा देवमासा ट्रॅव्हल्स'च्या टेबलापाशी पोचलो. तिथे डेस्मंड नावाचा तरुण होता. त्याचे केस इतके चपचपीत होते की त्यात दिवे दिसत होते.

"अंकल, नशीब काढलंत! शेवटच्या दोन केबिन उरल्यात. दोघांच्या भाड्यात तिसरा प्रवासी फुकट! समुद्राची बाल्कनी! आणि ही बॅग!"

"पेनांग आहे ना पण?"

"अंकल, पेनांग नसेल तर मी नाव बदलेन." त्याने चित्र पुढे केलं. निळं पाणी, हिरवं बेट, आणि जहाज अगदी त्याला खेटून उभं. बाल्कनीच्या शेजारी एक बारीकसा तारा छापला होता. चांगल्या हॉटेलांना असतात तसा असेल, असं मी समजलो.

मागून कुणीतरी म्हणालं, "घेणार असाल तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा!" अशा वेळी माणूस घेतोच. मी सही केली, बॅग उचलली आणि जिंकल्यासारखा वळलो. वळताना मी मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हीही पेनांग का?"

"छे हो. मी बॅगेसाठी उभा आहे."

पहिला हप्ता तो. पण मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

गावभर मी सांगत सुटलो, ही माझी दुसरी चूक. समोरच्या यिओ काकूंना तर मुद्दाम बोलावून सांगितलं, कारण त्या कुठलीही सवलत कधीही घेत नाहीत आणि त्यावरून मिरवतात. त्या म्हणाल्या, "फुकट काय असतं हो, क्वेक सर? मी आपली सरळ जहाज कंपनीकडून पुरे पैसे भरून घेते." आणि आमच्याच जहाजाचं त्यांनी तिकीट काढलं. मी विचारलं, पेनांगला कुणाकडे जाणार? त्या म्हणाल्या, "मला पेनांगशी काय करायचंय? मी खेकडे खायला येतेय." तेव्हा त्यांच्या बोलण्यातली मेख माझ्या लक्षात यायला हवी होती.

आईने मावशीला फोन केला. मजला गोळा झाला. "मी येतेय!" आई ओरडली. "जेवले!" मावशी ओरडली. मग मावशीचा मुलगा आ हॉक, जो मासेमारी करतो आणि ज्याचे कान ठीक आहेत, त्याने फोन घेतला आणि आईचं म्हणणं समजून घेतलं. त्या संध्याकाळी आई फोन हातात धरून बसली नाही. ती उठून कपाट आवरायला लागली.

जहाज सुटायला थोडेच दिवस उरले असताना लाय पेंगच्या मोबाइलवर देवमाशाचा संदेश आला. तिने तो एकदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 'पेनांग येथे तांत्रिक थांबा. या वेळात पाहुण्यांनी जहाजावरील सुविधांचा आनंद घ्यावा.'

मी खाली कॉफीच्या दुकानात धावलो. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर पेरुमाळ असतात. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले, जन्मात कधी जहाजावर चढले नाहीत, आणि जहाजांविषयी त्यांना विचारलं की कॉफी गार होईपर्यंत थांबत नाहीत.

"तांत्रिक थांबा म्हणजे जहाज थांबणार, तेल-पाणी घेणार आणि निघणार," ते म्हणाले. "माणसं वरच."

"वरच म्हणजे?"

"म्हणजे पेनांग दिसेल. बघा आणि या."

पेरुमाळांनी माझी साखरेची कॉफी स्वतःकडे ओढली. "काय सर, भूगोल शिकवायचात ना तुम्ही?"

देवमाशाच्या कचेरीत डेस्मंड नव्हता. त्याने नाव बदललं असावं. एक चार्मेन नावाची मुलगी होती, अतिशय गोड.

"अंकल, जहाज पेनांगला जातं की नाही?"

"जातं."

"थांबतं की नाही?"

"थांबतं, पण—"

"मग आम्ही काय खोटं बोललो?" ती खरोखरच दुखावल्यासारखी दिसली. मीच तिची समजूत काढून बाहेर पडलो, हे मला लिफ्टमध्ये आल्यावर उमगलं. परत गेलो तर जेवणाची सुट्टी झाली होती. तिकीट रद्द केलं तर काय परत मिळेल असं फोनवर विचारलं, तेव्हा मला आधी एक दाबायला सांगितलं, मग चार, मग एक गाणं ऐकवलं, आणि शेवटी एका माणसाने सांगितलं की सवलतीच्या तिकिटावर बॅग परत करावी लागत नाही. म्हणजे मला परत काहीच मिळणार नव्हतं, फक्त मलाही बॅग परत द्यायची नव्हती.

मग मी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी फार सहानुभूतीने जाहिरात बघितली. "यात पेनांग असं लिहिलंय," ते म्हणाले. "पेनांगला उतरा असं कुठे लिहिलंय?"

"पण साहेब, माणूस पेनांगला जातो तो उतरायलाच ना!"

"तसं तुम्ही गृहीत धरलंत." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ती बॅग कुठल्या रंगाची मिळाली? आमच्या मेव्हण्याला हिरवी मिळाली. तिचं तर हँडलच आलं हातात."

आईला सांगायचं धैर्य मला झालं नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज सकाळी ती मावशीसाठी काहीतरी काढून ठेवत असायची. औषधी तेलाच्या बाटल्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मऊ तळव्यांच्या सपाता. हे सगळं तिने तिच्या जुन्या वेताच्या टोपलीत भरलं आणि वर लाल प्लॅस्टिकच्या दोरीचं नवंकोरं बंडल ठेवलं. दोरी कशाला, विचारलं तर म्हणाली, "दोरी लागते रे." आमच्या बायका दोरीशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

"एकच मार्ग आहे," पेरुमाळ म्हणाले. "आजारी पडा."

"म्हणजे?"

"पोटात भयंकर कळ! जहाजावर माणूस मरायला टेकला तर कप्तानाला त्याला जवळच्या बंदरात उतरवावंच लागतं. तुम्ही उतरलात की सोबतीला म्हातारी आई. झालं काम!"

शिकल्यासवरल्या माणसाने हा सल्ला ऐकायचा नसतो. पण मी तेव्हा पुरता हवालदिल झालो होतो. मी त्यांना दुसरी कॉफी पाजली.

जहाजावर चढलो आणि केबिनचं दार उघडलं. आत खिडकी नव्हती. पलंगासमोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता आणि त्यावर समुद्र दिसत होता. पडद्याखाली खरोखरीचा लोखंडी कठडा ठोकला होता, हात टेकायला.

"बाल्कनी कुठाय?" मी नोकराला विचारलं.

"हीच की सर. बाहेरचा कॅमेरा जे बघतो ते जसंच्या तसं इथे दिसतं. पाऊस आला तरी भिजायला होत नाही."

आईने कठड्यावर हात ठेवून भिंतीकडे बघितलं. फुकटचा तिसरा पलंग छतातून खाली येतो असं कळलं. त्यावर अर्थातच मी. रात्री कुशीवर वळलो की माझा खांदा छताला लागायचा आणि खालून लाय पेंग विचारायची, "अहो, कोण ठोकतंय?" यिओ काकूंना बाल्कनी मिळाली होती, खरी, वारा येणारी. त्यांनी आम्हाला ती बघायला बोलावलं. मी नाही गेलो.

पेनांगच्या आदल्या संध्याकाळी मी पोट धरून जहाजाच्या दवाखान्यात गेलो आणि होता नव्हता तो सगळा अभिनय केला. कळ कुठे येते, तर सगळीकडे. उलटी, तर हो. जुलाब? मी म्हटलं, अंगावर शहारे येतील इतके. डॉक्टर एका क्षणात खुर्चीसकट मागे सरकले.

"कधीपासून?"

"आत्तापासून. डॉक्टर, मला वाटतं मला पेनांगला उतरवायला हवं."

"उतरवायला?" त्यांनी तोंडाला फडकं लावलं. "जहाजावर दोन हजार माणसं आहेत! हे पसरलं तर? तुम्ही आता केबिनमधून पाऊल बाहेर टाकायचं नाही. जेवण दाराशी येईल."

मी जे ऐकत होतो त्यावर माझा विश्वास बसेना. अर्ध्या तासात आमच्या दारावर पिवळी पट्टी लागली. आईला आणि लाय पेंगला यिओ काकूंच्या केबिनमध्ये हलवलं, म्हणजे खऱ्या बाल्कनीत. आणि माझ्यापुढे भाताची पेज आली, मिठाशिवाय. मी दाराआडून ओरडून सांगितलं की मी बरा आहे, मी खोटं बोललो. बाहेरचा नोकर म्हणाला, "हो सर, सगळे असंच म्हणतात."

सकाळी पुन्हा पेज आली. मी कठड्याला टेकून भिंतीकडे बघत बसलो. माझी आई वर कुठेतरी उभी राहून तिचं माहेर लांबून बघत असणार आणि मी तिला सांगितलंही नव्हतं. तिला कोण सांगणार? मावशी धक्क्यावर खुर्ची टाकून बसली असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही पेजेमुळे नव्हे.

भिंतीवर पेनांग उगवलं. डोंगर, पांढऱ्या इमारती, मग पाण्यात उभी असलेली घरांची ती ओळ. जहाज मधल्या पाण्यात थांबलं. जरा वेळाने पडद्याच्या कोपऱ्यातून एक छोटी निळी होडी आत आली. मागे एक काळाकभिन्न माणूस यंत्र धरून बसला होता. पुढे, प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीवर, मोठ्या टोपीखाली एक म्हातारी बसली होती आणि मांडीवर तिने डबा धरला होता, चार पुडांचा, उभा.

मी उठून उभा राहिलो. डोकं छतातल्या पलंगाला आपटलं.

फोन वाजला. लाय पेंग होती. मागे प्रचंड गलका ऐकू येत होता. "अहो, खालच्या उघड्या डेकवर या! लगेच या!"

"मावशी! भिंतीवर मावशी आहे!"

"माहितीये! आईंनीच बोलावलंय! त्यांना सगळं ठाऊक होतं. यिओ काकूंनी निघायच्या आधीच सांगितलं होतं, आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. आईंनी आ हॉकला फोन करून सगळं ठरवलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत!"

मी पट्टी ओलांडली. पायजम्यात, अनवाणी, जिन्यांवरून धावत सुटलो. मागून नोकर ओरडत होता की रोगी पळाला. उघड्या डेकचं दार ढकललं आणि जागच्या जागी थबकलो.

समोर रांग होती.

ती कठड्यापासून निघून वर टांगलेल्या बचाव-होड्यांच्या खालून, आराम-खुर्च्यांना वळसा घालून, दारापर्यंत आली होती. काही ठिकाणी माणसांऐवजी कागदी रुमालांची पाकिटं होती. रमोन नावाचा जहाजाचा सुरक्षारक्षक, जो म्हणे हा प्रकार थांबवायला आला होता, तो दोन्ही हातांनी रांग सरळ करत होता.

"काय मिळतंय?" शेवटच्या बाईंना कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही. टोपलीतून वर येतंय काहीतरी. वास छान आहे."

मी पुढे घुसलो. रमोनने मला अडवलं. "काका, रांगेत."

"अहो, ती टोपलीवाली माझी आई आहे!"

"पुढे जायला तिघांनी हेच सांगितलंय."

आणि सांगायला लाज वाटते, पण मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

तिथून मला तुकड्या-तुकड्यांत दिसत होतं. आई कठड्यापाशी उभी होती आणि लाल दोरी हातावर गुंडाळत होती. तिच्या लहानपणी गावातल्या आजोळच्या माडीवरून अशीच टोपली खाली सोडून ती रस्त्यावरच्या शेवयावाल्याकडून वाडगा वर घ्यायची, हे तिने मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी कधी नीट ऐकलं नव्हतं. यिओ काकूंनी तिला कमरेला धरलं होतं. माझ्याआधी माझ्या आईला, यिओ काकूंनी! तेलाच्या बाटल्या आणि सपाता खाली पोचल्या होत्या. आता डबा वर येत होता, हेलकावे खात, आणि खालच्या मजल्यांच्या बाल्कन्यांवर आंबट रस्सा ठिबकत होता.

इतक्यात बंदराच्या पोलिसांची लाँच आली. गणवेशातला अधिकारी कर्णा घेऊन पुढे झाला. "निळी होडी! जहाजापासून दूर व्हा!"

मावशीला अर्थातच ऐकू आलं नाही. तिने हात हलवला आणि वर बघून ओरडली. वाऱ्यात काही कळलं नाही. आईने कानामागे हात धरला. "काय?" मावशी परत ओरडली. "काय?" आईचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांनी एकमेकींसमोर आल्या होत्या आणि फोनवर होतं तेवढंही बोलणं होईना. मला राहवेना, पण पुढे अख्खी रांग होती.

लाँच होडीला भिडली. अधिकारी वाकून आ हॉकशी काहीतरी बोलला, मग तो मावशीच्या तोंडाजवळ कान नेऊन उभा राहिला. मग सरळ झाला, टोपी नीट केली, कर्णा तोंडाला लावला, आणि आख्ख्या सामुद्रधुनीला ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात विचारलं:

"तुमच्या ताई विचारतायत, जेवलात का?"

मला उत्तर पाठ होतं. सगळ्या मजल्याला पाठ होतं.

"नाही!" आई ओरडली. "सांग तिला, नाही जेवले! कालपासून काही उतरत नाहीये घशाखाली! तिच्या हातचं खायला आले होते आणि या मेल्यांनी मला खाली उतरू दिलं नाही!"

अधिकाऱ्याला एवढं कर्ण्यावर सांगावं की नाही कळेना. त्याने मग मावशीच्या कानाशी जाऊन सांगितलं. मावशीने तोंडावर टोपी ओढली. तिचे खांदे हलत होते. मग तिने टोपी वर केली आणि अधिकाऱ्याच्या बाहीला धरून त्याला कितीतरी वेळ काहीबाही सांगत राहिली. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि कर्ण्यावर एवढंच सांगितलं, "त्या म्हणतायत, मीही नाही. आता दोघी मिळून जेवा."

खाली मावशीने दुसरा छोटा डबा उघडला. वर आईने जमिनीवर बसून पहिलं पूड काढलं. दोघी जेवल्या. लाँच तिथेच थांबली. तेल-पाणी भरणं चाललं होतं आणि कुणी कुणाला हाकलत नव्हतं. बाकीची पुडं आईने रांगेतल्यांना वाटली, कारण माणसं उभी आहेत म्हणजे त्यांना दिलंच पाहिजे, हेही आमच्याकडचंच. आख्ख्या रांगेला एकेक घास मिळाला आणि माझा नंबर आला तेव्हा डबा रिकामा होता.

आईने मला पायजम्यात, अनवाणी बघितलं. "जेवलास का?"

"नाही," मी म्हणालो. "आई, मी तुला—"

"गप्प." तिने पुडाच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते माझ्या तोंडाशी धरलं, मी लहान असताना धरायची तसं. सेवानिवृत्त शिक्षकाने सगळ्यांसमोर आईचं बोट चाटलं. खरंच सांगतो, आमच्याकडचा लाक्सा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी.

भोंगा वाजला. जहाज हललं. होडी मागे पडायला लागली तशी मावशी खुर्चीतून अर्धवट उठली आणि हातवारे करत काहीतरी ओरडली. लाँच निघून गेली होती, त्यामुळे आता सांगायला कुणी नव्हतं.

"काय म्हणाली रे?" आईने विचारलं.

मलाही ऐकू आलं नव्हतं. "म्हणाली, सुखाने जा."

"खोटं. ती म्हणाली डबा परत आण." आईने चारही पुडं एकात एक बसवली, कडी लावली आणि डबा छातीशी धरला. "तिचा चांगला डबा आहे. परत द्यायलाच हवा. पावसाळ्याच्या आधी जाऊ." ती कठड्याला धरून उठली. मी हात दिला. ती निळ्या ठिपक्याकडे बघत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि सेंग, या वेळी जिथे रांग नसेल तिथे जाऊन उभा राहा."